सावेकाकांचे पेशे

सावेकाकांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, मुलाचं शिक्षण झालं, पगार झाला, विरारला घेतलेल्या फ्लॅटचा हॉल केवढा आहे तेही सांगून झालं. सगळे समाधानानं चहाकडे वळले, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून काकांनी मुलाला विचारलं, "शक्ती कळली तुमची. खोट काय?"

मुलाच्या आईच्या हातातला चहा बशीत सांडला. काकांच्या भावानं डोळ्यांनीच त्यांना गप्प बसवायचा प्रयत्न केला, पण प्रश्न तर विचारून झाला होता. मुलगा बिचारा सरळमार्गी निघाला. जमिनीकडे बघून म्हणाला, "मी घोरतो. बराच मोठ्यानं." आतल्या खोलीतून पुतणीचं हसणं ऐकू आलं आणि लग्न ठरलं. त्या लग्नात काका असे मिरवत होते की नवरदेव त्यांनीच घडवून आणलाय असं कोणालाही वाटावं.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. शेअर रिक्षावाल्याला, नव्या सुरक्षारक्षकाला, स्टोअरमध्ये बेअरिंग विकायला आलेल्या पोरांना. एकदा आमच्या कंपनीत नवे जनरल मॅनेजर आले. त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून आपण कुठे कुठे काय काय पराक्रम केले ते पडद्यावर दाखवलं आणि शेवटी "काही प्रश्न?" असं विचारायची चूक केली. काका उभे राहिले. "सगळं चांगलं हाय, साहेब. खोट काय ते नाय दाखवलं." साहेब हसून म्हणाले की तसं काही नाही. काका खाली बसता बसता माझ्या कानात म्हणाले, "हा टिकायचा नाय. बिनखोटीचा पेशा खेळात चालत नाय." साहेब खरंच वर्षभरात दुसरीकडे गेले, आणि काकांचा स्वतःच्या विद्येवरचा विश्वास उगाच वाढला.

दिगंबर सावे हे आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर. तारापूरच्या एमआयडीसीत कापडाला लागणारे रंग बनवणारी ती कंपनी, आणि मी तिथल्या क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या लॅबमध्ये होते. मी धुळ्याकडची. बोईसरला आले तेव्हा खोलीवरून कंपनीत आणि कंपनीतून खोलीवर एवढाच माझा प्रवास होता, आणि रविवार आला की दिवस कसा घालवायचा ते कळायचं नाही, कारण रविवारी कंपनी बंद. पहिल्याच आठवड्यात मी स्टोअरमध्ये काचेच्या नळ्या आणायला गेले. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि नळ्यांऐवजी खोट मागितली. मी गोंधळून खरं तेच सांगितलं, "मला कोणाला नाही म्हणता येत नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "मग रविवारी चिंचणीला घरी ये. सकाळी. चप्पल दाराभायेर काढायची, डोकं आत आणायचं."

नाही म्हणता येत नसल्यामुळे गेले.

आता ते काय करतात हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की माणूस भविष्य बघतो. सावेकाका पेशे बनवतात. एक खेळ आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गोष्ट सांगतो: समोर डोंगर आहे, गुहेतून धूर येतोय, काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. त्यांनी काय करायचं ते बोलायचं, वीस तोंडांचा फासा टाकायचा, मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर आपटलो. कोणाला काय येतं हे त्याच्या पेशावर ठरतं. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पुस्तकांत तयार पेशे मिळतात आणि जगभर माणसं तेच घेऊन खेळतात. काकांना ते चालत नव्हतं. "कोणाच्याच मापाचं नाय ते," म्हणत, आणि समोरचा माणूस बघून त्याला पेशा शिवून देत. शिवताना शक्ती किती द्यायची आणि तिला साजेशी खोट कुठली ठेवायची, यातच त्यांचा जीव.

खेळायचं टेबल आमच्याच लॅबमधलं, आम्लाचे डाग पडून बाद झालेलं. भंगाराच्या लिलावात काकांनी ते घेतलं होतं. त्या डागांनाच त्यांनी देश बनवलं होतं. तपकिरी डाग म्हणजे वाळवंट, पिवळा म्हणजे एका लोभी राजाचं राज्य. कोणता डाग कोणत्या आम्लाचा असेल हे मी सांगू लागले तर म्हणाले, "क्यूसी, इथं तो इतिहास बदललाय."

जन्मभर स्टोअर सांभाळलेला माणूस गोष्ट सांगू लागला की काय होतं ते बघण्यासारखं असे. त्यांच्या राज्यात शस्त्रं मागणीपत्र भरल्याशिवाय मिळत नसत. आमच्या कंपनीत फाटके हातमोजे परत केल्याशिवाय नवे मिळत नाहीत, तसंच तिथे तुटलेला बाण दाखवल्याशिवाय नवा बाण नाही. एकदा आम्ही मोठ्या कष्टानं राक्षसाच्या खजिन्यापर्यंत पोचलो आणि मला वरचा मुकुट उचलायचा होता. काकांनी अडवलं. आधी आलेलं सोनं आधी बाहेर काढायचं, नाहीतर खाली जुना माल पडून राहतो. त्या खजिन्यातला सगळ्यात जुना माल म्हणजे एक गंजलेली पळी निघाली. ती घेऊन आम्ही परत आलो.

टेबलावर आम्ही चौघं. पहिल्या वृंदाकाकू, काकांच्या बायको, ज्या मांडीवर सूप घेऊन वाल सोलत सोलत खेळायच्या. दुसऱ्या सुलभाताई तामोरे, किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या, आमच्या कंपनीच्या प्रथमोपचार खोलीतल्या नर्स. तिसरे यादवजी, बॉयलर चालवणारे, उत्तर प्रदेशातून येऊन बोईसरला मुरलेले. आणि चौथी मी.

सुलभाताईंचा पेशा होता 'भरतीवाली'. तिची ताकद समुद्राच्या भरतीबरोबर वाढायची आणि ओहोटीबरोबर उतरायची. आता कोणी म्हणेल, गोष्टीतला समुद्र, गोष्टीतली भरती. तसं नाही. काकांचा नियम असा की खरी भरती धरायची, त्या दिवशीची, दांडीच्या किनाऱ्यावरची. त्यामुळे मोठ्या लढाया आम्ही अमावस्येच्या आसपासच्या रविवारी ठेवायचो. अष्टमीच्या सुमाराला समुद्राला भांग असते, म्हणजे सगळ्यात लहान भरती, तेव्हा सुलभाताई आल्या आल्या पाय वर घेऊन बसायच्या. "आज भांग हाय. माज्याकडनं उंदीर पन मरायचा नाय. तुमीच बगा काय ते." शिवाय भरतीवाली पाण्यात उतरली की काठावर कोणीतरी तिचा दोर धरून उभं राहायला लागे, नाहीतर ती वाहून जायची.

यादवजी 'भट्टीवाला'. पोटात आग, हातातून ज्वाळा. पण प्रत्येक ज्वाळेबरोबर आतलं प्रेशर चढायचं आणि वेळेवर वाफ सोडली नाही तर तो स्वतःच फुटायचा. प्रेशरचा काटा त्याच्या पाठीवर. म्हणजे तो दुसऱ्यानंच वाचून सांगायचा. यादवजींना हा पेशा फार आवडला होता, पण पहिल्या दिवशी ते म्हणाले, "सावेजी, छुट्टी के दिन भी वही काम दे दिया आपने."

काकूंचा पेशा 'रांधणारी'. तिच्या हातचं खाल्लं की कसलीही जखम भरून यायची. फक्त तिच्या स्वतःच्या जखमेवर ते अन्न लागू पडायचं नाही. काकूंनी हे ऐकून वाल सोलायचे थांबवले नाहीत. "म्हणजे हितंपन घरातलंच," एवढंच म्हणाल्या. त्या कधी लढायच्या नाहीत. राक्षस समोर आला की त्याला आधी बसा म्हणायच्या, आणि फाशाचं दान त्यांना इतकं चांगलं पडायचं की निम्मे राक्षस खरोखर बसायचे.

आणि मी 'पारखी'. कुठल्याही वस्तूला हात लावला की तिच्यात काय आहे, विष की औषध, खरं की खोटं, ते मला कळायचं. पण दहा पावलांपुढचं काही दिसायचं नाही. कोणीतरी हाताला धरून न्यायला लागे.

राक्षस, पऱ्या, सैनिक यांच्यासाठी बाहुल्या मिळतात, पण त्या महाग म्हणून काका शिंपले, सुपाऱ्या आणि लॅबच्या बाटल्यांची झाकणं वापरत. समुद्री ड्रॅगनसाठी सुलभाताईंनी एक मोठा सुका बोंबील आणला होता. अमावस्येचा रविवार गाठून आम्ही त्याच्यावर चालून गेलो. सुलभाताई पूर्ण भरात, यादवजींचा काटा लालवर, मी काटा वाचतेय, काकू दोर धरून. एवढ्यात शेजारच्या मांजरानं टेबलावर उडी मारली आणि ड्रॅगन तोंडात धरून माडांच्या बाजूला पसार झालं. आम्ही हसून लोळायचे बाकी होतो. काका हसले नाहीत. डोळे मिटून बसले आणि मग गंभीरपणे म्हणाले, "ढगातून एक त्याच्यापेक्षा मोठं जनावर आलं. ड्रॅगन गेला. पण आता ते जनावर या राज्यात हाय, आणि त्याला मासळीची चव लागलीय." पुढचे कितीतरी महिने आम्ही त्या जनावराला घाबरून होतो. आकाशातून गुरगुर ऐकू आली की सुलभाताई मासळीची पाटी झाकायच्या.

त्यांच्या गोष्टीत एक चमत्कारिक प्रकार होता. आम्ही कुठल्याही गावात पोचलो, कुठल्याही धर्मशाळेत उतरलो, की तिथला माणूस सांगायचा, "कालच एक प्रवासी येऊन गेला. उंच पोरगा. जेवला आणि गेला." वाळवंटात तेच, लोभी राजाच्या राज्यातही तेच. माझं डोकं क्यूसीचं. मला वाटलं हा धागा आहे, हा पकडला की सगळं रहस्य सुटेल. मी त्या प्रवाशाच्या मागे सगळ्यांना फरफटत नेलं. तो जेवला त्या ताटाला हात लावून बघितला, तो झोपला ती चटई तपासली. दर वेळी एकच उत्तर: माणूस खरा होता आणि निघून गेला होता. यादवजी शेवटी वैतागून म्हणाले, "अरे मॅडम, जाने दो, उसको जल्दी होगी."

माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं ते एका रविवारी, सुलभाताई घरच्या कार्यासाठी गेल्या होत्या आणि यादवजी गावाला, तेव्हा. टेबलावर काकू आणि मी दोघीच. ज्याचा काटा वाचायचा तो भट्टीवाला नाही, जिचा दोर धरायचा ती भरतीवाली नाही, म्हणजे आम्हा दोघींना करण्यासारखं काही उरलंच नाही. मी काकांना म्हटलं, "काका, तुमच्या एकाही पेशाला एकट्यानं चालता येत नाही. ही तर तुमच्या डिझाइनचीच खोट आहे. बाहेरच्या पुस्तकांत असं नसतं. तिथे माणूस जखमी झाला तर निदान स्वतःची पट्टी स्वतः बांधतो."

मला वाटलं होतं काका भांडतील. त्यांना पेशांवरून भांडायला फार आवडायचं. पण ते फासा हातात फिरवत राहिले, मग "चिकू उतरवायचे राह्यले" म्हणून वाडीत निघून गेले.

"चिकू काल उतरवलेत," काकू म्हणाल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, आणि मला कळलं की काहीतरी आहे, कारण सूप त्या कधी खाली ठेवत नसत.

"पयला पेशा त्यांनी निनादसाठी केला," त्या म्हणाल्या. निनाद त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅनडात असतो, एवढं मला माहीत होतं. "लॉकडाऊनमधी पोरगा पुण्याहून घरी आलेला. त्यानंच यांना हा खेळ शिकवला. आमी तिघंच खेळायचो. यांनी त्याला 'भटक्या' करून दिला. बापानं पोराला काय काय दिलं म्हणून सांगू तुला. लढायला येतं. जखम आपली आपण भरते. रानात खायला मिळतं. थंडी वाजत नाय, वाट चुकत नाय. मी म्हटलं, अवो, काहीतरी ठेवा की हातचं. नाय. सगळं दिलं. मग निनाद गेला तिकडं. फोन येतो ना, दर रविवारी येतो. हे इचारतात, तिकडं खेळतोस का रे? तो म्हणतो, वेळ नाय मिळत, पप्पा."

"पण त्याचा पेशाशी काय संबंध?"

"काय नाय. हे म्हणतात, वृंदा, डिझाइनमधी चूक झाली माजी. पोराला कोणाची गरजच ठेवली नाय मी. हसत हसत सांगतात. पन परत तसला पेशा केला नाय त्यांनी. कोणालाच नाय."

उंच पोरगा, जेवला आणि गेला. मला त्या क्षणी स्वतःच्या क्यूसीच्या डोक्याचा राग आला आणि काकांबद्दल इतकं वाईट वाटलं की ते वाडीतून रिकामी टोपली घेऊन परत आले तेव्हा मला त्यांच्याकडे बघता येईना. त्या प्रवाशाचं रहस्य शोधायचा नाद मी सोडून दिला. मात्र प्रत्येक गावात त्याची चौकशी करायचं काम मी स्वतःकडे घेतलं. बरा होता का? नीट जेवला का? काका सांगायचे, "बरा होता. दोनदा भात घेतला." आणि आम्ही पुढे जायचो.

असं छान चाललं होतं. मग कंपनीनं इथला कारखाना बंद करून गुजरातेत दहेजला नेला. यादवजींनी शेजारच्या कंपनीत बॉयलर धरला. सुलभाताईंना चिंचणीतच दवाखान्यात काम मिळालं. काका निवृत्तीला आलेच होते. जाणार होते मी एकटी. मला तिथली अख्खी लॅब सांभाळायला मिळणार होती आणि ती मला हवी होती, कितीतरी दिवसांपासून हवी होती. आणि रविवार सोडून जायचं नव्हतं. दोन्ही एकदम खरं होतं. मी ते टेबलावरच सांगून टाकलं.

सुलभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. यादवजी म्हणाले, "प्रमोशन है, मिठाई खिलाओ." काकांनी मागणीपत्रांचा गठ्ठा सारखा केला आणि गोष्ट जिथे होती तिथून पुढे सुरू केली.

पण पुढच्या रविवारी गोष्टीत काहीतरी बिघडलं. लोभी राजाला अचानक सुबुद्धी झाली आणि त्यानं पारखीला तळ्याकाठी घर दिलं. चोवीस तास पाणी. बोईसरमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या बाईला आणखी कसली लालूच दाखवायची. त्याच्या पुढच्या रविवारी घोडा मिळाला, मग दरबारात खुर्ची. नव्या तलवारीसाठी मी सवयीनं जुनी परत करायला काढली तर काका म्हणाले, "राहू दे तुज्याकडं." जुना माल परत न घेता नवा द्यायचं पाप या माणसानं नोकरीत कधी केलं नव्हतं.

"काका," सुलभाताई म्हणाल्या, "आज भांग हाय म्हणून मला साधी काठी नाय दिली तुमी, आन हिला बंगला?"

काकू वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अवो, जाऊ द्या तिला. घरं देऊन कोण राहतं काय?"

काकांनी फासा डब्यात टाकला. "आज एवढंच," म्हणाले. पुढचा रविवार त्यांनी बंद ठेवला. मी आल्यापासून पहिल्यांदा. मी त्या दिवशी खोलीवर बसून सामान बांधलं आणि दिवसभर वाटत राहिलं की आता हे असंच संपणार, न बोलता, आणि मी दहेजला जाऊन एका रिकाम्या खोलीत बसणार.

त्यानंतरचा रविवार माझा शेवटचा. सकाळीच काकांचा फोन. "ये. काम हाय."

टेबलावर सगळे होते. काका म्हणाले, "पारखी आज राजाच्या तळ्याकाठी राहिली. तिला तिथं सुखात राहू दे. तुला नवा पेशा केलाय. नाव तू ठेव. आज तपासायचा, बाकीच्यांनी नुसतं बगायचं."

मग त्यांनी पेशा सांगितला. लांबचं दिसतं. हाताला धरायला कोणी लागत नाही. प्रेशर आपलं आपल्याला कळतं. पाण्यात उतरली तर दोराशिवाय बाहेर येते. आणि जखम झाली तर स्वतःची पट्टी स्वतः बांधता येते. काकूंचे हात सुपात थांबले होते. त्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि काका कोणाकडेच बघत नव्हते.

परीक्षा म्हणून त्यांनी तिवरांच्या दाटीतून खाडी ओलांडायला लावली. त्या खाडीत एक म्हातारा राक्षस होता, ज्यानं मागे आम्हा चौघांना एकदम पळवून लावलं होतं. गोष्ट सांगणारा आपला फासा नेहमी हाताआड टाकतो, म्हणजे वाटलं तर थोडी दयामाया करता येते. काकांनी त्या दिवशी उघड्यावर टाकला. "लबाडी करून पास केलेला माल तिकडं जाऊन फुटतो," म्हणाले. "क्यूसीला मी सांगायला नको."

राक्षसाचं पहिलंच दान मोठं पडलं. माझ्या पात्राचा खांदा फाटला. मी सवयीनं काकूंकडे बघितलं. काकूंनीही सवयीनं सुपातला हात काढून फासा उचलला.

"तू नको," काका म्हणाले. "तिचं ती करील."

मी फासा टाकला. जखम भरली. पुढे गेले, चिखलात रुतले, बाहेर आले. सुलभाताईंचा हात दोर धरल्यासारखा टेबलाच्या कडेवर आवळला होता. यादवजींनी एकदा हळूच विचारलं, "हम कुछ करें?" आणि काकांनी त्यांना हातानं बसवलं. तिघं चांगली धडधाकट माणसं हात बांधून बसली होती आणि मी एकटी खेळत होते. एवढी वाईट लढाई मी कधी खेळले नाही. जिंकत होते, आणि प्रत्येक दानाला वाटत होतं की हरावं, म्हणजे कोणीतरी धावून येईल.

राक्षस पडला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी फासा शर्टाला पुसला. "चाललं," ते म्हणाले. "पास."

"और कमी?" यादवजींनी विचारलं. "इसकी कमी क्या रखी आपने?"

"शोधली व्हती. चार-पाच सापडल्या," काका म्हणाले. "ठेवली नाय."

काकू उठून आत गेल्या आणि बराच वेळ डबा भरत राहिल्या. सुक्या बोंबलांची चटणी, चिकू, दोन नारळ. निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

काका रिक्षास्टँडपर्यंत आले. रविवारची दुपार. रिक्षात मागे एक बाई बसली होती, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एक माणूस. मी बसले तरी मागची एक जागा रिकामी राहिली. आमच्याकडची शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर खाली उतरून "बोईसर, बोईसर" ओरडत राहिला, पण रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. माझी बस मनोरच्या हायवेवरून होती आणि उशीर होत होता. मी घड्याळ बघितलं. काकांनी ते बघितलं.

"मला पन बोईसरला काम हाय," म्हणाले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "चल रे, भरली."

रविवारी दुपारी त्यांचं बोईसरला कसलं काम असणार. डबा मांडीवर धरून ते ताठ बसले होते. शाळा गेली, बागा गेल्या, कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या. मला खूप बोलायचं होतं. तुम्ही मला रविवार दिलात, असं काहीतरी. त्याऐवजी मी पुन्हा घड्याळ बघितलं.

अर्ध्या वाटेवर तेच बोलले, समोर बघत. "एक सांगायचं राह्यलं. सोबतीला कोणी असला, तरी त्या पेशाची ताकद कमी होत नाय. करून बगितलंय मी, दोघांचं, चौघांचं. तिकडं कोणी भेटला तर घे बरोबर. नियमात बसतं."

मी मान हलवली. मग आम्ही दोघं दोन बाजूंना बघत राहिलो.

बोईसरला मी उतरले. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, मला दोघांचे पैसे देऊ दिले नाहीत, "जा, बस चुकंल" म्हणाले. पलीकडे मनोरची गाडी धरायला मी रेल्वेच्या पुलाचा जिना चढले आणि मागे वळून बघितलं. रिक्षा वळून चिंचणीच्या रांगेत लागली होती. काका खाली उतरलेच नव्हते. मागच्या सीटवर एकटेच बसून ते रिक्षा भरायची वाट बघत होते.